सातनंतर अक्षर उमटत नाही

३ मार्च, मंगळवार
टाकला एकदाचा! आमच्या चिमुकल्या संगणकभाषेच्या फोरमवर माझा घरगुती एडिटर. कोड लिहायची साधी खिडकी, बाकी काही नाही. सोबत एवढंच लिहिलं – घरापुरता केला होता, उपयोग झाला तर बघा. नवरा म्हणाला, लोक नावं ठेवतील. ठेवू देत. तो स्वतः वर्षभर त्यातच काम करतोय आणि रोज नावं ठेवतोय.

४ मार्च
काही जणांनी उतरवून घेतला. एकाला रंग आवडले नाहीत.

५ मार्च
घोळ झाला. सातचं कुलूप काढायचंच विसरले! संध्याकाळी सात वाजले की हा एडिटर अक्षर घेत नाही. वाचा, पण लिहू नका. जिथे जिथे सात वाजले तिथून तक्रारींची रीघ लागली.

ते कुलूप नवऱ्यासाठी. गेल्या वर्षी छातीत कळ येऊन हॉस्पिटलात होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं – संध्याकाळनंतर काम बंद, नाहीतर पुढच्या वेळी माझ्या हातात काही नसेल. घरी आला आणि पुन्हा खुर्चीत. माझं ऐकेल तर शपथ! म्हणून गुपचूप कुलूप घातलं. त्याला सांगितलं, दिवसभरात मेमरी तुंबते, दोष सापडत नाहीये. धडधडीत खोटं, पण तो उठायला लागला.

८ मार्च, रविवार
फोरमचा कारभार बघणाऱ्याला सगळे आजोबा म्हणतात. वय तिशीच्या आतलं असेल, दटावणं सत्तरीचं. इथला एक दंडक तो जिवापाड जपतो: प्रत्येक बदलासोबत एका ओळीत कारण, आणि तेही खरं. मी कुलूप काढून नवी प्रत पाठवली. कारण – 'चुकून राहिलं.' परत आली! म्हणे, मुळात घातलं का होतं हे कळल्याशिवाय काढता येणार नाही.

खरं लिहिलं तर नवरा वाचणार. तोही याच फोरमवर पडीक. मग दुसरा एडिटर घेईल आणि बसेल हवं तेवढं. आज पुन्हा काही पाठवलं नाही.

९ मार्च
पाठवलं. 'नवऱ्याचं हृदय अशक्त आहे, तो थांबत नाही, मला भीती वाटते.'

आजोबांनी निमूट मंजूर केलं. वर सुचवलं, कुलूप ठेवाच – ज्याला हवं त्याने लावावं, वेळ ज्याची त्याने ठरवावी. बऱ्याच जणांनी लावून घेतलं. एकीने कळवलं की कित्येक दिवसांनी मुलीबरोबर जेवली. बरं वाटलं.

१० मार्च
त्याने वाचलं. ओरडला नाही. भांडी पुसता पुसता म्हणाला, "मेमरी तुंबते म्हणे. मी काय दूधखुळा आहे? पहिल्याच आठवड्यात तुझा कोड उघडून पाहिला होता."

म्हणजे सगळं माहीत असून वर्षभर मुकाट्याने उठत होता!

"उठत होतो ना मी? मग घरातलं चव्हाट्यावर कशाला मांडलंस?"

त्याचं बरोबर आहे. माझंही चुकलं असं वाटत नाही.

१२ मार्च
अबोला. चहा मीच करते, तो कप घेऊन खोलीत जातो आणि दार लोटून घेतो. सातनंतर आतून टकटक येते का, म्हणून कान देऊन बसते. येत नाही. आज तर उन्हं असतानाच सामसूम होती. राग गेलेला दिसत नाही.

१५ मार्च, रविवार
फोरमवर माझ्या एडिटरसाठी एक बदल आलाय, मंजुरी माझ्याकडे. पाठवणारा – शेजारच्या खोलीतला. कुलपाची मूळ वेळ सातऐवजी चार करावी. स्वतःच्या प्रतीत त्याला गुपचूप बदलता आली असती.

कारणाची ओळ: 'चारनंतर छाती जड होते, बायकोला तोंडाने सांगवत नाही.'

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता आणा. गाडी बोलावली. तो बूट घालतोय. मी मंजूर केलं.