साल दिसणारं नाणं

टोलीडो, १२ मार्च १९६३

प्रिय बाबा,

आम्ही दोघं मजेत आहोत. खानावळीचा गल्ला आता मी एकटी सांभाळते. गव्याचं चित्र असलेलं जुनं, झिजलेलं निकेल, म्हणजे पाच सेंटचं नाणं, आलं की तुमचा नियम आठवतो: साल वाचता आलं तरच ठेवायचं. ठेवलं की बदली माझं निकेल टाकते.

गेल्या मंगळवारी एका ट्रकवाल्याच्या सुट्ट्यांत एकवीस सालचं निघालं, आकडे ठसठशीत. नाणी विकणाऱ्या क्रेमरना दाखवलं, तर ते चकितच झाले. "एवढ्या गर्दीत ओळखलंस कसं?"

"बापाने शिकवलंय," मी म्हटलं.

"मग आहे तसंच ठेव. मळसुद्धा पुसू नकोस."

दुसऱ्या दिवशी तुमच्या जावयाने, वर्नने, ते खायच्या सोड्याने घासून लखलखीत केलं. किंमत गेली. मी खूप तोंड सोडलं. तो एवढंच म्हणाला, "अगं, बाबांना मोतीबिंदू आहे. मळकं नाणं त्यांना दिसणार कसं?"

ऑपरेशन कधी ठरलंय? आई तारीख लपवतेय ना?

नाणं सोबत पाठवतेय. खिडकीशी धरून बघा. साल वाचता आलं तर ठेवा.

गल्ल्यावरही तुमचंच नाव सांगणारी,
ऑड्री