समासातली लाल शाई

सोमवार, ४
नवं गाव, नवी नोकरी आणि टेबल थेट खिडकीपाशी! विज्ञानकथा-अद्भुतकथांचं मासिक. रोज एक कथा वाचायची, तपशिलाची चूक समासात लाल शाईनं दुरुस्त करायची आणि प्रत लेखकाकडे परत धाडायची. सातवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण दोन चंद्रांच्या ग्रहावर भरती कशी येईल, हे मी स्वतःच्या हिमतीवर शिकलोय. संपादकबाई म्हणाल्या, आधीचे गृहस्थ फार चुका सोडायचे. म्हटलं, बाई, आता चुकांनीच मला घाबरायचं. तिसरा मजला चढून घरी आलो, तर लेकीनं, चिमीनं, विचारलं, माझ्या प्रगतिपुस्तकालाही लाल शाई लावणार का. वय दहा, जीभ आजीची.

बुधवार, ६
आजची कथा निनावी. पत्ता म्हणून नुसता टपालपेटीचा क्रमांक. परग्रहावरचा एक पाहुणा कुणाचंही रूप, कुणाचाही आवाज उसना घेतो आणि एका मुलीचं घर शोधत फिरतो. गल्ली चक्क आमची! पण लेखकानं शिंप्याचं दुकान दवाखान्याच्या डावीकडे टाकलंय, म्हणून पाहुणा भलत्याच बोळात शिरतो. दुकान उजवीकडे आहे. दुरुस्त केलं.

शुक्रवार, ८
त्याच लेखकाची दुसरी कथा, सोबत चिठ्ठी: आपल्यासारखी नजर लाखात एक. बायकोला दोनदा वाचून दाखवली. ती म्हणाली, आता चौकट करून भिंतीवर लावा.
पाहुण्याला या वेळी आमची इमारत सापडते. मुलगी मात्र दुसऱ्या मजल्यावर राहते म्हणे. लिहिलं: दुसऱ्यावर निवृत्त मास्तर एकटे राहतात, मुलगी तिसऱ्यावर. आणि मजल्याला पायऱ्या अठरा, वीस नव्हे.

सोमवार, ११
मास्तर नाहीत. दार सताड उघडं, चष्मा घडी घालून ठेवलेला, चहावर साय.
तिसरी कथा टेबलावर होतीच. पाहुणा वाटेत दुसऱ्या मजल्यावर थांबतो, म्हाताऱ्याला ‘आवरतो’. चहा तसाच राहतो. पाकिटावर शिक्का शनिवारचा. मास्तर काल, रविवारी, जिन्यात माझ्याशी बोलले होते.
संपादकबाई हसल्या. म्हणाल्या, रोज हेच वाचून तुमच्याही डोक्यात शिरलं. आधीच्या गृहस्थांचंही असंच झालं होतं. याच लेखकाच्या चुका ते तशाच सोडायचे. मुद्दाम.

मंगळवार, १२
एक अक्षरही दुरुस्त करणार नव्हतो. चिमीची शपथ घेतली होती.
चौथी कथा. तिसरा मजला, दुपारचे चार, मुलगी एकटी. पाहुणा बापाचा आवाज काढून तीनदा दार वाजवतो. मुलगी ओळखते, हा बाप नव्हे. उघडत नाही. वाचते!
आणि मी — तीनदा हे चूकच होतं ना, मी तसं कधी वाजवत नाही — हातानं लिहून टाकलं: दोनदा टकटक, मग एक खोकला.
भानावर आलो, तोवर टपालवाला गठ्ठा घेऊन गेला होता.

गुरुवार, १४
काल काही नाही. आजही रजा. बायको कामावर. चिमीला शाळेतून स्वतः आणलं. कडी, कुलूप, दाराला टेबल. तिला दहादा बजावलं — माझ्या आवाजात कुणी बोललं तरी तो मी नाही. ती रडवेली. मला वेड लागलंय असं वाटतं तिला.

पावणेचार.

पावलं. मोजतोय. अठरा — अठरा — अठरा.

टकटक. टकटक. खोकला.

माझाच खोकला.

आवाजही माझाच. म्हणतोय, चिमे, घाबरू नकोस — आत बसलाय तो मी नाही —

ती माझ्याकडे बघतेय. माझ्या हातातल्या लाल पेनाकडे. मी हाक मारली तर मागे सरकली.

टेबल ढकलतेय. नको गं —

कुलपाची किल्ली माझ्या खिशात आहे. आहे ना? इथेच ठेव—