पातेल्यातलं शिसं

बाबा, तुम्ही गेल्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तुमचा विषय निघाला की लोक गहिवरतात. बोटीवरचे तुमचे जुने सहकारी सांगतात, काय हसतमुख माणूस होता, इंजिनरूममध्ये सुद्धा गात असायचा. मी मान डोलावते. मला मात्र तुम्ही आठवता ते वुडलँड्सच्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरात, बनियनवर, गॅससमोर उभे. आणि तुमच्या चेहऱ्याच्याही आधी आठवतो तो वास.

रविवार आहे. मी ज्युनिअर कॉलेजात आहे, जेवणाच्या टेबलावर केमिस्ट्रीचं पुस्तक उघडून बसलेय. गॅसवर आईचं जाड बुडाचं पातेलं आहे, ज्यात ती एके काळी दूध तापवायची. त्यात तुम्ही टायरवाल्याकडून पिशवी भरून आणलेली शिशाची वजनं टाकलीत, चाक बॅलन्स करायला रिमला लावतात ती. त्यांना चिकटलेलं ग्रीस, रस्त्यावरची घाण, रबराचा चुरा, सगळं जळतंय. वर राखाडी मळी येते, ती तुम्ही डावाने बाजूला काढता आणि माझ्याकडे वळून म्हणता, "बघ, खाली कसं आरशासारखं आहे!" मला आरसा दिसत नाही. मला आईच्या पातेल्यात कुणीतरी ओकल्यासारखं दिसतं. मग तुम्ही साचा उघडता, पंचाच्या घडीवर बंदुकीच्या चकचकीत गोळ्या टपटप पडतात, आणि तुम्ही लहान मुलासारखे हसता.

शिशाचं एक वेळ सोडा. त्या गोळ्यांना वंगण लागायचं, आणि ते तुम्ही मेण आणि बोकडाची चरबी एकत्र वितळवून करायचात. ज्या घरात आई अंडं सुद्धा वेगळ्या भांड्यात उकडायची, त्या घरात तुम्ही मार्केटमधून चरबीचा पांढरा गोळा आणून फ्रिजमध्ये ठेवलात, दह्याच्या शेजारी. आई म्हणाली, "अहो, निदान झाकून तरी ठेवा." तुम्ही म्हणालात, "ठेवतो गं." ठेवलं नाहीत. जुन्या तेलाचे दिवे लावल्यासारखा तो वास पडद्यांना लागायचा, माझ्या युनिफॉर्मला लागायचा. मग गोळ्या छोट्या काट्यावर एकेक करून तोलायच्या, बोट जिभेला लावून उचलायच्या, आणि त्याच बोटांनी पोहे खायचे. "हात धुवा," आई म्हणायची. "धुतलेत की!" तुम्ही म्हणायचात. मी त्या काळ्या नखांकडे बघायचे आणि माझी ताटली उचलून खोलीत जायचे.

हे खूळ तुम्हाला लावलं, तुमची बोट जायची त्या समुद्रातल्या तेलविहिरींवरच्या एका अमेरिकन मित्राने. त्याच्या टेक्सासच्या घरी जुन्या काऊबॉयांच्या बंदुकांच्या हुबेहूब नव्या प्रती होत्या. ट्रिगरभोवतीची लोखंडी कडी खाली ओढून वर घेतली की नवीन काडतूस आत सरकायचं. दर वर्षी सुट्टीत तुम्ही तिकडे जायचात, त्याच्या गॅरेजमध्ये बसून पितळी पुंगळ्यांना ठिणगी पाडणाऱ्या टोप्या लावायचात, बंदुकीची दारू भरायचात, वर तुमच्या हाताने ओतलेल्या गोळ्या बसवायचात, आणि मग माळावर जाऊन लोखंडी थाळ्यांवर झाडायचात. जेवताना आम्हाला शिकवायचात की गोळीचं नाक चपटं हवं, कारण काडतुसं नळीत एकामागे एक बसतात, आणि टोकदार नाक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आपटलं तर नळीतच बार उडेल. आई आमटी वाढत असायची. लिफ्टमध्ये एकटे असलो की तुम्ही छत्री खांद्याला लावायचात आणि जिभेने आवाज काढायचात, खटॅक-खटॅक. पन्नाशीचा माणूस.

ज्या देशात एक काडतूस जवळ सापडलं तर तुरुंग आणि वेताचे फटके, त्या देशात हे चाललं होतं. आई घाबरायची. तुम्ही समजूत घालायचात, "दारू नाही, टोपी नाही. नुसतं शिसं आहे. कुणी विचारलं तर सांगायचं, गळाला बांधायची वजनं." समोरची चिनी आंटी एकदा दारात आली. "अंकल, यू बर्न वॉट, आह? सो स्मेली लाह!" तुम्ही न अडखळता सांगितलंत, "फिशिंग, आंटी, फिशिंग." ती खूश झाली. तिचा नवरा पुलाउ उबीन बेटावर गळ टाकायला जायचा, त्याच्यासाठी दोन-चार मागून घेऊन गेली. दार लावून तुम्ही पोट धरून हसलात. मी हसले नाही. इतकं सहज खोटं बोलणारा माणूस आणखी कशाकशाबद्दल बोलत असेल, असं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं.

आणि मग तो चांगी विमानतळावरचा दिवस. तुम्ही टेक्सासला निघाला होतात. बॅग आईने भरली होती: तुमचे कपडे, मित्राच्या बायकोसाठी चिवडा, लाडू. आम्ही दोघी पोचवायला आलो होतो. चेक-इनच्या आधी बॅगा मशीनमधून जात होत्या. तुमची बॅग थांबली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. एका मलाय ऑफिसर बाईंनी ती बाजूच्या टेबलावर उघडायला लावली. चिवड्याखालून मायलोच्या चॉकलेट पावडरीचा डबा निघाला. त्यांनी झाकण काढलं. आत तुमच्या गोळ्या, चरबी लावलेल्या, वर्तमानपत्रात ओळीने गुंडाळलेल्या. त्या बाईंचा चेहरा बदलला. शांतपणे विचारलं, "सर, हूज बॅग इज धिस?"

तुम्ही आईकडे बघितलंत. मग त्यांच्याकडे. आणि म्हणालात, "माय वाइफ पॅक्ड इट."

शब्दशः खरं होतं ते. म्हणूनच इतकं घाण होतं.

बाई आईकडे वळल्या. "मॅडम, डू यू नो वॉट धिस इज?" आईचं इंग्रजी दुकानापुरतं. ती माझ्याकडे बघून मराठीत बोलली, तिचा आवाज अजिबात कापला नाही. "त्यांना सांग, हे शिसं आहे. माझ्या पातेल्यातलं. बॅग मी भरली, पण हा डबा मी ठेवलेला नाही. ह्यांचा आहे." तुम्ही दात-ओठ खात पुटपुटलात, "सगळं सांगायची गरज नाही गं." मी सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

तुम्हाला आत नेलं. आम्ही खुर्च्यांवर बसून राहिलो. विमान गेलं. दारू नाही, टोपी नाही, हे तपासून त्यांनी अखेर तुम्हाला कडक समज देऊन सोडलं. डबा ठेवून घेतला, दुसऱ्या दिवशी घरी येऊन साचाही नेला. टॅक्सीत तुम्ही पुढे बसलात आणि ड्रायव्हरला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालात, "अगं, तू म्हणाली असतीस ना, मासे धरायची वजनं आहेत, तर बाईमाणूस म्हणून लगेच सोडलं असतं." माफी नाही, लाज नाही. आई खिडकीबाहेर बघत होती. बुकिट तिमाच्या सिग्नलला टॅक्सी थांबवून मी कडेला खरोखर ओकले. तुम्ही काच खाली करून विचारलंत, "एअरपोर्टवर काही खाल्लंस का?"

त्यानंतर पातेलं कचरा खाली टाकायच्या झडपेतून नऊ मजले खाली गेलं. गोळ्या तुम्ही पुन्हा ओतल्या नाहीत. पण आई तशीच राहिली. सकाळचा चहा, डबा, तुमच्या बीपीच्या गोळ्या. तुमच्या शेवटच्या आजारात तिने तुमचं अंग पुसलं, आणि मी दारात उभी राहून बघत होते. मला तुमच्या हातांना हात लावणंही जमत नव्हतं. एवढंच की तिने तुमची बॅग पुन्हा कधी भरली नाही. ती तुम्ही स्वतः भरायचात, वाईट भरायचात, आणि ती बघत बसायची.

आता ती पुण्यात माझ्याकडे असते. हे लिहून झालं की फाडून टाकणार आहे. तुमच्यापर्यंत पोचणार नाही हे तर झालंच. पण तिला वाचून दाखवता आलं असतं, तेही मी करणार नाही. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलेय, आत्याला, नवऱ्याला, मुलींना, की आईने बाबांना शेवटपर्यंत माफ केलं नाही. खरं म्हणजे तिने तसं कधी म्हटलेलं नाही. मी तिला कधी विचारलेलंच नाही. विचारलं आणि ती म्हणाली, "अगं, मी ते केव्हाच सोडून दिलं," तर ही किळस माझ्या एकटीचीच उरेल.