उजव्या खांद्याचा एमआरआय आणि खोलीचा रंग

३ डिसेंबर
परळला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी उजवा हात धरून वर केला. खांद्याच्या रेषेत येऊन तो थांबला. बाहेर फिरवून पाहिला, फिरला नाही. म्हणाले, फ्रोझन शोल्डर, व्यायाम करा, हळूहळू सुटेल. दोन मिनिटांत निदान. मला पटले नाही. एवढे दुखते म्हणजे आत काहीतरी फाटलेले असणारच. घरी चालत आलो.

४ डिसेंबर
माझी थोरली बहीण कमळाताई खालच्या मजल्यावर राहते. सकाळीच वर आली. माझी बायको रखमा, तिचे वर्षश्राद्ध जानेवारीत, त्याआधी खोलीला रंग लागला पाहिजे, म्हणाली.
दहाव्याला बाणगंगेवर कावळा पिंडाला शिवत नव्हता. सगळे ताटकळले. रखमा किती वर्षे रंगासाठी माझ्या मागे लागली होती, ते चाळीला ठाऊक. शेवटी ताईने कोपराने ढोसले आणि मी चार माणसांत म्हणालो, ‘खोलीला रंग मी माझ्या हाताने लावीन.’ कावळा लगेच आला.
ताईला हात दाखवला. ती म्हणाली, ‘कावळ्याक शब्द दिलस. आता माका हात कित्याक दाखवतस?’
हात सुटला की लगेच रंग. ठरले.

७ डिसेंबर
योजना केली. आधी मोरीची बाजू, मग दाराची. खाटेकडची भिंत शेवटी. तिथे रखमा डोके टेकून बसायची. खोबरेल तेलाचा डाग आहे, ताटलीएवढा. तेलावर रंग धरत नाही असे ऐकले आहे. कोणाकडून, ते आठवत नाही. घाई करू नये.
व्यायाम असा की बोटांनी भिंत चढायची. आज केला नाही. भिंत खराब होते.

१० डिसेंबर
व्यायाम उद्यापासून. सकाळी दुखते, दुपारी डोळा लागतो, संध्याकाळी लोक येऊन रंगाचे विचारतात. आज गॅलरीत सगळ्यांना एकदाच सांगून टाकले. मी कधीच कामाला लागलो असतो, पण हात वर जात नाही. दुसरे काहीही कारण नाही. लोकांना वाईट वाटले. शेजारच्या दीपकला फारच. तो रंगकामाची कंत्राटे घेतो. ‘काका, एवढाच प्रॉब्लेम आहे ना?’ म्हणाला. एवढाच, म्हटले.
आता कोणी विचारणार नाही.

१२ डिसेंबर
डॉक्टरांकडे एमआरआयचा आग्रह धरला. त्यांच्या मते फ्रोझन शोल्डर ओळखायला तो सहसा लागत नाही, हात वर करून पाहिला की कळते. एमआरआयने फार तर दुसरे काही फाटलेले नाही ना, हे दिसेल. मी म्हणालो, तेच पाहू. कंटाळून चिठ्ठी दिली.
फाटलेले निघाले तर ऑपरेशन, मग विश्रांती, मग पावसाळा. रिपोर्ट ताईला वाचून दाखवायचा. इंग्रजीत असतो, वाद घालता येणार नाही.

१५ डिसेंबर
संध्याकाळी दीपक नवा ब्रश घेऊन आला. ‘काका, जरा उजव्या हातात धरा ना, वजन कसं वाटतं बघा.’ धरला. मूठ चांगली आहे, म्हणालो. त्याने ब्रश कागदात गुंडाळला. उद्या एमआरआयला किती वाजता निघणार, तिथे वेळ लागतो ना, हेही विचारले. हल्ली एवढी चौकशी कोण करतो? चावी ताईकडे ठेवून जाणार.

१६ डिसेंबर
एमआरआय झाला. नंबर फार उशिरा लागला. घड्याळ, पाकीट, चांदीचा करदोटा काढून ठेवला. आत पत्रे ठोकल्यासारखा आवाज. मशीनवरचा स्वप्नील म्हणाला होता, अजिबात हलायचे नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, ‘काका, तुमच्यासारखे पेशंट पाहिजेत. दगडासारखे पडून होतात.’ बरे वाटले. रिपोर्ट उद्या.
घरी आलो तर जिन्यातच रंगाचा वास. आमचीच खोली. दीपक आणि मजल्यावरचे तिघे शिड्या लावून. खाटेकडची भिंत पहिली घेतली म्हणे, अवघड ती आधी. ‘तेलाचा डाग होता ना काका, तो नुसत्या रंगाने परत येतो. घासून काढला, वर प्रायमर मारला. आता दहा वर्षं टेन्शन नाही.’
मी म्हणालो, पण शब्द माझ्या हाताचा होता. ताईने तेही गुरुजींना फोन करून विचारून घेतले होते. ‘ब्रशाक तुझो हात लागलो काल. झाला. आता तू सुटलस.’
सगळ्यांना चहा केला. दीपकला थँक्यू म्हणालो. काम स्वच्छ केले आहे. डाग कुठे होता ते कळत नाही.

१७ डिसेंबर
रिपोर्ट आला. काही फाटलेले नाही. सांध्याभोवतीचे आवरण खालच्या बाजूला जाड झाले आहे. म्हणजे फ्रोझन शोल्डर. डॉक्टर ‘मी सांगितलं होतं’ असे म्हणाले नाहीत. व्यायाम सुरू केला का, एवढेच विचारले. आजपासून, म्हणालो.
ताईने रिपोर्टचे विचारले नाही. मीही काढला नाही.
दीपकने खाट पुन्हा भिंतीला लावून ठेवली होती. रंग अजून ओला असेल म्हणून डाव्या हाताने थोडी ओढून घेतली. पंखा लावला. कुकरला भात लावला आणि शिट्टी होईपर्यंत ओट्यापाशी उभा राहिलो.