दोन नळ्यांचा कार्बोरेटर

४ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचा! घर झकास आहे. गॅरेज तर असं, की ताईनं पाहिलं तर इथंच पथारी टाकेल. फरशी धुतलेली, पाने मापाप्रमाणे भिंतीवर टांगलेले, हात धुवायला वेगळं बेसिन. मेकॅनिक असून मला घाणीची किळस येते म्हणून ताई मला नाकमुरड्या म्हणते. म्हणू दे. ती लवंग चघळते, मी पेपरमिंट. त्याशिवाय मी बॉनेट उघडतच नाही. मालकीणबाईंना माझी टापटीप पसंत पडली.

काम एकच. मालकांची जुनी गाडी चढावर दम टाकते, हवा-पेट्रोल मिसळणारा तिचा इवलासा कार्बोरेटर काढून दोन नळ्यांचा मोठा बसवायचा. काम फत्ते झालं की गॅरेजशेजारच्या दोन खोल्या आम्हा भावंडांना, स्वतःचं दुकान थाटायला. बाबा गेल्यापासून दोघंही दुसऱ्यांच्या दारात राबतोय. हॉलमधल्या फोनवरून ताईला लगेच सांगितलं, पुढच्या सोमवारी ये. ती म्हणाली, आधी काम कर, मग उड्या मार.

मालक वरच्या मजल्यावर झोपून असतात. दम्याचं जुनं दुखणं. माझी खोली त्यांच्या शेजारीच. त्यांच्या छातीतली घरघर भिंतीतून ऐकू येते. बिचारे.

५ मार्च

जुना कार्बोरेटर उतरवला. शी! शी शी शी!

जुन्या पेट्रोलचा डिंक साचतो, ते काय मला नवीन नाही. पण त्याच्या वाटीत पिवळट, चिकट, तार धरणारं काहीतरी होतं. कफच तो, दुसरं नाव नाही. आणि कोमट. इंजिन तर कालपासून बंद होतं! बोटाला लागलं ते साबणानं निघेना, रॉकेलनं घासलं तरी बुळबुळीतच. दुपारचं ताट तसंच परत पाठवलं.

जेटही तुंबला होता. जेट म्हणजे पेट्रोल मापात सोडणारा पितळी तुकडा, बोटाच्या पेराएवढा, मधे सुईएवढं भोक. बाबांची शिकवण अशी, की जेट ओठांत धरून फुंकायचा. हवेच्या पंपापेक्षा ओठांना लवकर कळतं. आमच्या घरात सगळ्यांनाच ही खोड. पुसला, पुन्हा पुसला, डोळे गच्च मिटले आणि फुंकला.

पलीकडून कुणीतरी ओढलं. नळीनं सरबत ओढावं तसं. छातीतली हवा पार तळापासून गेली आणि जिभेवर खारट गोळा आला. बेसिनवर भडाभडा ओकलो. मनाचे खेळ असणार, दुसरं काय!

७ मार्च

नवा बसला. भोकं जुळेनात म्हणून खाली जाड पट्टी घातली, पेडलची तार लांबवली. मालकीणबाईंची एकच अट, पहिल्या नळीत जुनाच जेट राहू दे, दुसऱ्या नळीच्या जेटचं त्या मागाहून बघतील. मी म्हटलं, तुमची गाडी, तुमची मर्जी. चालू केली तर आवाज काय सुरेख! वर म्हातारे मालक म्हणे उठून बसले आणि वाडगाभर सूप प्यायले.

मला मात्र जिना चढताना धाप लागली. खोकलो तर रुमालात पिवळी तार. वास पेट्रोलचा.

९ मार्च

सकाळपासून गाडी चालूच. मालकीणबाईंनी पेडल दाबलं की माझ्या छातीत खड्डा पडतो.

मालक स्वतःच्या पायांनी माझ्या खोलीत आले. गाल गुलाबी. आभार मानायला तोंडाजवळ तोंड आणलं. त्यांच्या श्वासाला माझ्या पेपरमिंटचा वास होता. अंगावर पाल पडावी तशी शिसारी आली.

धडपडत खाली गेलो, जेट काढायला. एक आटा सैल झाला आणि श्वासच थांबला. आडवा झालो. मालकीणबाईंनीच जेट परत आवळला, मायेनं माझं तोंड पुसलं. म्हणाल्या, काढू नका, आता तो तुमचाच आहे. आधीचा मेकॅनिक एकटा होता, फार दिवस पुरला नाही. एकट्यावर भार पडतो, दोघांत वाटला की दोघंही टिकतात. मग एप्रनच्या खिशातून दुसरा जेट काढून दाखवला. तसाच लिबलिबीत. पंपाची हवा याला चालत नाही, म्हणाल्या. माणसाची लागते.

थुंकलो त्यांच्यावर. थुंकीसुद्धा पिवळी. त्यांनी शांतपणे पुसली आणि म्हणाल्या, सोमवारी ताई येतेयच की.

१० मार्च

जिना उतरवत नाही. फोन खाली. खिडकीतून ओरडलो — नुसती फुस्स हवा.

उशी ओली. चिकट. हे माझ्यातूनच येतंय — ई —

ताई, येऊ नकोस. गाडी चुकू दे तुझी.

११ मार्च

आली. बॅग टाकून थेट गॅरेजच्या दारात, माझ्या खिडकीखालीच. हसतेय. विचारतेय, आमचा नाकमुरड्या घाण बघून आडवा झाला की काय.

काचेवर टकटक केली. तिनं वर बघून हात हलवला. म्हणाली, नखरे पुरे, खाली ये.

मालकीणबाईंचा हात एप्रनच्या खिशात —

हे पान फाडून खाली टाकतो. ताई, जेट तोंडाला लावू नकोस. बाबांची ती खोड — पळ. माझं काय व्हायचं ते —

जेट पँटला पुसतेय. तिला कधी किळस नव्हतीच, कधीच —

छाती मोकळी झाली.

शी. मोकळी झाली. तोंडात लवंगेची चव. शी, माझीच शिसारी येतेय मला, आणि किती बरं वाटतंय, आई गं, किती —

आता ओरडता येईल. ओरडायलाच हवं. अजून वेळ आहे, जेट अजून दुसऱ्या नळीत बसवायचाय. ओरडतो. फक्त एकदा, एकच पोटभर श्वास घेतो आणि मग —