दाराकडे वळलेले निवडुंग

आई, तुझे निवडुंग मी कापले. लोणावळ्याच्या पावसात ते इतकी वर्षे टिकले, ते तुझ्या इरल्यामुळे. भातलावणीच्या बाया पाठीवर घेतात ते पानांचे इरले तू कुंडीवर उपडे घालायचीस, आणि तू गेल्यावर बावीस पावसाळे मीही ती रीत पाळली. ओसरीवर कोणी पाठ वाकवून बसले आहे, असा भास होई. यंदा पहिल्यांदाच आलेल्या कामशेतच्या तांदूळवालीने फाटकातून इरल्याकडे बघत विचारले, "मावशी, तांदूळ बघता का?" आई केव्हाच वारली, असे मी सांगितले. ती म्हणाली, "मग आत्ता मान कुनी हलवली?" त्याच दिवशी मी इरले काढले आणि प्लास्टिकचा कागद गुंडाळला. आत दमट हवा कोंडली. दसऱ्याला बोट लावले, तर खोड तळाशी मऊ लागले.

"वरून कापा, आबा. वाट बघाल तर समदंच जाईल," तीच बाई म्हणाली. पहिल्या कापाला मधोमध तपकिरी वर्तुळ दिसले. चार बोटे वर कापले, तरी ठिपका होताच. माझा हात थांबला. तुझ्या पायाच्या करंगळीवरचा काळा डागही मला असाच क्षुल्लक वाटला होता. तिसऱ्या कापाला स्वच्छ हिरवा गर लागला. त्याला हळद लावून, काप सुकेपर्यंत तो वीतभर तुकडा मी तुझ्या खोलीत कागदावर आडवा ठेवला. शेंडा खिडकीच्या उजेडाकडे वळेल, असे मी गृहीत धरले होते. आठ दिवसांनी दार उघडले, तेव्हा तो दाराकडे वळलेला होता. मी कागद फिरवला. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा दाराकडेच. त्या खोलीची किल्ली केवळ माझ्याकडे असते.

आता तो तिथेच, विटांचे तुकडे आणि जाड वाळू भरलेल्या नव्या कुंडीत उभा आहे. कडेला मोहरीएवढा कोंब फुटला आहे. "कापलं म्हनून वाचलं, आबा," बाई म्हणाली. मी तिचा उच्चार सुधारला.

हे तुला वाचून दाखवावे म्हणून मी दोनदा त्या दारापर्यंत गेलो आणि परतलो. पाय गुडघ्याखाली कापावा लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा तू एवढेच विचारलेस, "मग घरी कधी जाता येईल?" तुला तशी पाहणे मला सोसणार नव्हते. बाहेर येऊन मी डॉक्टरांना सांगितले की, आई नको म्हणते.