पेटीत उघडा हात घालणाऱ्यास काहीही नाही

मी, आरशांवर लेप चढवणाऱ्या कारखान्याची मालकीण, गुडघे सोडल्यास धडधाकट आणि डोक्याने शाबूत, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवते की:

१. कारखाना, पोलादी पेटी, हवा उपसणारे पंप आणि राहते घर माझ्या भाचीला द्यावे. पेटीतली हवा उपसल्याशिवाय ॲल्युमिनियमची वाफ काचेवर नीट बसत नाही, हे ती माझ्या हाताखाली शिकली आहे. दुर्बिणींचे आरसे यापुढे तीच करील.

२. तिच्या बापाला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, काहीही देऊ नये. वेधशाळेचा मोठा आरसा आला तेव्हा मी पेटी आतून लख्ख पुसून ठेवली होती. पाहुण्यांसमोर रुबाब करायला या शहाण्याने ती उघड्या हाताने आतून थोपटली. हाताचा तेलकटपणा आत राहिला की त्याची वाफ सुटत राहते. पंप कितीही चालवा, आतला दाब हवा तेवढा उतरत नाही. मला वाटले, गळती आहे. मी सांध्यासांध्यावर स्पिरिट लावून ती शोधत राहिले, रबरी कड्या बदलल्या. हा शेजारी उभा राहून मला पाना देत होता! ब्र काढला नाही. वर म्हणतो, "ताई, आता तुझ्याच्यानं होत नाही गं." लेप धुरकट आला. वेधशाळेने काम काढून घेतले, आणि याने सगळीकडे बोभाटा केला की ताईचे डोके फिरले.

खरे मला भाचीने सांगितले, त्याच्या तोंडावर. "आत्या, बाबांनी आत हात फिरवला होता. बोललीस तर बघ, म्हणाले मला." मी त्याला माफ केलेले नाही. मेल्यावरही करणार नाही.

३. त्याला कारखान्याची जागा विकायची आहे. दुसऱ्या कोणाला दिलीस तर कोर्टात जाईन, ताई भ्रमिष्ट होती म्हणून सांगेन, असे तो म्हणत असे. म्हणून मी हल्ली त्याच्याशी गोड बोलते. सगळे आपल्यालाच मिळणार अशी त्याची समजूत झाली आहे, ती मी मोडलेली नाही. साक्षीदाराला मजकूर वाचून दाखवावा लागत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. ते मला फार आवडले.

ठिकाण: कारखान्याचे ऑफिस
दिनांक: आजचा, साप्ताहिक सुट्टीचा
(सही) मालकीण

साक्षीदार पहिली: वकीलबाई (सही)

साक्षीदार दुसरा: सही करणारी बाई पूर्ण शुद्धीवर असून आपण काय करतो आहोत हे तिला नीट समजते, याची मी खात्री देतो.
(सही) धाकटा भाऊ